आतले बूट

पद्मजा केसकर बत्तीस वर्षं अमेरिकेतल्या कोलंबस शहरात एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावून बसल्या. मग त्यांची दृष्टी कडांकडून आत मिटत आली. आधी दारांच्या चौकटी गेल्या, मग जिन्याच्या कडा, मग समोरच्या माणसाचे खांदे. शेवटी नाण्याएवढं जग उरलं, तेही धुरकट. त्यांच्या आईला अमरावतीत हाच आजार होता. तिथे त्याला नाव नव्हतं. लोक नुसतं म्हणायचे, हिला दिसत नाही.

बासष्टाव्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. कोलंबसला लागूनच्या डब्लिन या उपनगरातल्या घरात खुर्च्यांच्या जागा कायमच्या ठरल्या. बाहेर पडायचं तर नवऱ्याचा, सुमंतांचा, कोपर धरायचा. सुमंत प्रेमाने न्यायचे, पण बोलण्याच्या नादात पायरी आल्याचं सांगायला विसरायचे.

घरापासून दहा मिनिटांवरच्या देवळाला लागून एक हॉल आहे. तिथे दर रविवारी मराठी शाळा भरते. पद्मजाकाकूंनी एकोणीस वर्षं तिथे मुलांना अक्षरं शिकवली होती. पण कुणीतरी आणून खुर्चीवर ठेवायचं आणि तास संपला की उचलून न्यायचं, हे त्यांना सोसेना. त्यांनी शाळा सोडली. सुमंतांना सांगितलं, कंटाळा आला. त्यांचा त्यावर विश्वास बसला नाही.

कुत्रा घेण्याचा प्रश्नच नव्हता. आठव्या वर्षी गल्लीतला कुत्रा चावला होता आणि पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली होती. अजूनही पट्ट्याची साखळी वाजली तरी त्या मागे सरत. अंधांच्या संस्थेतल्या शिक्षिकेने हे ऐकून घेतलं आणि म्हणाली, काही लोक छोटा घोडा ठेवतात. काकूंना ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती. अमेरिकेच्या कायद्यात सेवा करणारा प्राणी म्हणून कुत्र्याखालोखाल त्याचाच उल्लेख आहे. मात्र तो शिकवलेला हवा, ताब्यात राहणारा हवा आणि जागेत मावणारा हवा. शिवाय तो तीस वर्षं जगतो.

"म्हणजे आपल्या दोघांनाही पोचवून मागे राहील," सुमंत म्हणाले.

वर्षभराने घोडी आली. उंची सत्तावीस इंच, जेवणाच्या टेबलाएवढीही नाही. रंग राखाडी, दळलेल्या बाजरीसारखा, असं सुमंतांनी सांगितलं, म्हणून नाव बाजरी. राहायला मागच्या अंगणात लाकडी खोली. बाहेर जायचं असलं की ती पुढच्या खुराने दोनदा दार वाजवायची. गुळगुळीत फरशीवर खूर घसरतात, म्हणून तिला लहान मुलांचे असतात तसे रबरी तळाचे चार बूट होते. घोडीला शिकवून तयार करणाऱ्या बाईंनी पुन्हा पुन्हा बजावलं होतं की फरशीवर बुटांशिवाय नेऊ नका. आणि आणखी एक: ती थांबली तर ओढू नका, आधी का थांबली ते बघा.

तीन महिन्यांत काकू एकट्या पोस्टात जाऊन आल्या. मग त्यांनी शाळेत परत शिकवायची इच्छा कळवली, घोडीसह.

देवळाच्या समितीचे अध्यक्ष रवींद्र हे सुमंतांचे जुने मित्र. पूल बांधणारे इंजिनिअर, आता निवृत्त. त्यांनी चौकशी केली तेव्हा कळलं की हा कायदा देवळांना लागू नाही. म्हणजे हो किंवा नाही, जे काय ते आपणच म्हणायचं. ते त्यांना जास्त जड गेलं. बैठकीत फरशी, लीद, लहान मुलं, ॲलर्जी असं सगळं निघालं.

"आज घोडा आला, तर उद्या कुणी बैल आणेल," रवींद्र म्हणाले.

"बैल तुझ्या गाभाऱ्यासमोर आधीच बसलाय, रवी," सुमंत म्हणाले. "आणि तो कुणाला रस्ताही दाखवत नाही."

लोक हसले. रवींद्र हसले नाहीत, पण चाचणी घ्यायला तयार झाले. एका रविवारी देवळाच्या दारापासून हॉलमधल्या वर्गापर्यंत तीस पावलं, कुणाच्या मदतीशिवाय. जमलं तर काकूंनी शिकवायचं, नाहीतर विषय संपला.

त्या सकाळी काकूंनी इस्त्रीची साडी नेसली. सुमंतांना पार्किंगमध्येच थांबायला सांगितलं. दारात चपला ठेवायच्या मांडणीपाशी शोभना उभी होती, पन्नाशीची, देवळातली कामं मनापासून करणारी. काकूंनी चपला काढल्या. शोभना जराशी घुटमळली.

"काकू, हिच्या पायात बूट आहेत."

काकूंना बाईंचं बजावणं आठवत होतं. पण या दारात त्यांनी कधी वाद घातला नव्हता, आणि आज पहिल्याच शब्दाला नाही म्हटलं तर पुढचं सगळं बिघडेल असं वाटलं. त्या वाकल्या. नातवाचे काढावेत तसे चारही बूट काढून त्यांनी शोभनाच्या हातात दिले.

पाच पावलं नीट पडली. सहाव्याला बाजरीचे मागचे पाय फाकले. ती सावरली. आणखी तीन पावलं गेली आणि थांबली.

"फॉरवर्ड," काकू म्हणाल्या. तिला इंग्रजीच कळत होतं.

बाजरी हलली नाही. काकूंनी पुन्हा म्हटलं. बाजरीच्या पाठीवरच्या पट्ट्याला जोडलेला, हातातला दांडा तसाच राहिला. पाठीमागे चाचणी बघायला उभ्या असलेल्या रवींद्रांचं पेन कागदावर चालल्याचा आवाज त्यांनी ऐकला.

दांडा ओढावा असं त्यांना क्षणभर वाटलं. त्याऐवजी त्यांनी अनवाणी पाऊल सरकवत पुढे नेलं. बोटांना पाणी लागलं. पूजेआधी फरशी पुसली होती आणि मधला पट्टा अजून ओला होता.

"ही थांबली ते बरोबर आहे," काकू म्हणाल्या. "बूट काढले ही चूक माझी."

रवींद्र पुढे आले. काकू माणसं पावलांवरून ओळखत. रवींद्रांचं पाऊल मऊ, चपचप वाजणारं. मधुमेहामुळे त्यांच्या तळपायांना काही लागलेलं कळत नसे, म्हणून डॉक्टरांनी अनवाणी चालायला मनाई केली होती.

"वहिनी, तुमची अडचण कळते मला. पण देवळात बूट चालवायचे म्हणजे..."

"भाऊजी, तुमच्या पायात काय आहे?"

चपचप एक पाऊल मागे सरकली.

"या आतल्या चपला आहेत," रवींद्र हळू म्हणाले. "बाहेर नाही नेत मी त्या."

"मग हिलाही आतले घेते. बाहेर नाही नेणार."

शोभना नळावर गेली. चारही बुटांचे तळ तिने साबणाने घासले, पदराने पुसले आणि आणून काकूंच्या हातात दिले. म्हणाली, आजच्यापुरते हे, पुढच्या रविवारी नवे आणा, मी खालच्या फळीवर जागा करते. रवींद्रांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, सहा महिने बघू.

बाजरी ओल्या पट्ट्याला वळसा घालून भिंतीच्या बाजूने गेली. उरलेली पावलं काकूंनी मोजली नाहीत. वर्गात आठ मुलं होती. अथर्व नावाच्या मुलाने इंग्रजीतच विचारलं, हिला मराठी येतं का? काकू म्हणाल्या, नाही, तीही तुमच्याबरोबर शिकेल, आणि खडू मागितला.

बाहेर सुमंत गाडीला टेकून उभे होते. दोन वर्षांत रविवारी त्यांना असा रिकामा तास मिळाला नव्हता. त्यांचा उजवा कोपर अजून अंगापासून थोडा बाजूला होता, कुणी धरावा म्हणून ठेवलेला. ते ध्यानात आल्यावर त्यांनी हात खाली सोडला.