स्टेनलेसच्या वस्तऱ्याची धार

वस्तऱ्याला धार लावायला मला सासऱ्यांनी शिकवलं, असं आमच्या नात्यागोत्यात अजून कौतुकानं सांगतात. मी ऐकून घेतो. आता वाद घालायचाही कंटाळा येतो. पण त्यांनी मला शिकवलं नाही, एवढं मला पक्कं माहीत आहे.

सत्तरचं दशक अर्ध्यावर आलं होतं. नुकतंच लग्न झालं होतं आणि सोलापुरात मी स्वतःचं दुकान टाकलं होतं. कात्र्या, वस्तरे, ब्रश, आरसे, सलूनला जे लागतं ते सगळं. त्याआधी कित्येक वर्षं एका शेठच्या दुकानात हाच माल विकत मी काउंटरमागं उभा होतो. आमचं घराणं न्हाव्याचं. वडील करकंबच्या बाजूला गावोगाव फिरून दाढ्या करत. त्यांची ती वणवण बघून मी लहानपणीच ठरवलं होतं, वस्तरा विकेन पण चालवणार नाही. नोकरी सोडली तेव्हा शेठ चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाले, "जा. दिवाळीला परत येशील तेव्हा तुझं स्टूल इथंच असेल." ते हसतहसत म्हणाले. त्यामुळं जास्त लागलं.

तेव्हा बाजारात स्टेनलेसचा वस्तरा नवा होता. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडं त्याची अख्खी पेटी पडून होती. मी दुपारभर घासाघीस केली, दोनदा दुकानातून उठून गेलो, दोनदा त्यानं परत बोलावलं. शेवटी माझ्या भावात त्यानं पेटी दिली. आपण जिंकलो असं वाटलं. तो इतक्या सहज का वाकला, हे सोलापुरात आल्यावर कळलं.

वस्तरे दिसायला देखणे होते. गंज नाही, डाग नाही, पात्यात तोंड दिसावं. सलूनवाले हौसेनं घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी परत घेऊन आले. जुना पोलादी वस्तरा दगडावर थोडा फिरवला की तयार होतो. हा होईना. दाढीवर ओढतो, गिऱ्हाईक ओरडतं, असं जो तो सांगायला लागला. वर सगळ्यांचं एकच म्हणणं: तुमच्या सासऱ्यांनी दुकानात ठेवला तर आम्हीही ठेवू.

सासऱ्यांचं पेठेत जुनं सलून होतं आणि धारेच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. माझं भांडवल त्या पेटीत अडकलेलं. ती पेटी उठली नाही तर दुकान उठणार आणि दिवाळीला मी शेठच्या स्टुलावर बसणार, हे सरळ दिसत होतं.

सोमवारी सलूनं बंद असतात. मी सासऱ्यांकडं गेलो आणि म्हणालो, धारेचा दगड आणि बसायला जागा द्या, धार माझी मी लावतो. शिकवा म्हणालो नाही. समोरच्याला आपली गरज दाखवायची नाही, हे मी धंद्यात शिकलो होतो आणि जन्मभर त्याच्यावरच पोट भरलं आहे. त्यांनी मान हलवली आणि बंद दाराच्या आत, मोरीशेजारी पोतं अंथरून दिलं.

त्यानंतरचे सोमवार आठवले की अजून खांदे भरून येतात. ओला दगड, त्यावर पातं धारेच्या बाजूनं पुढं ढकलायचं, टोकाला पाठीवर, म्हणजे धारेविरुद्धच्या जाड कडेवर, उलटवायचं, मागं आणायचं, पुन्हा उलटवायचं. ऑक्टोबरचा उकाडा, पत्र्याचं छप्पर. मनगट बधिर व्हायचं. मग चामड्याच्या पट्ट्यावर पातं ओढून हातावर लावून बघायचं. हातावरचे केस निघत. आशा वाटायची. गालावर लावलं की वस्तरा ओढायचा, आणि मी रक्त पुसत घरी जायचो. "बाबांना विचारा की," बायको एकदा म्हणाली. मी तिच्यावर इतका ओरडलो की शेजारीण डोकावली.

आणि सासरे? ते खुर्चीवर बसून बघत. चहा मागवत. "घ्या जावईबापू. चाललंय की चांगलं," एवढंच बोलत.

दिवाळी तोंडावर आली तेव्हाची गोष्ट. माझा मेव्हणा त्या सोमवारी बापाच्या पोलादी वस्तऱ्यांना शेजारच्या दगडावर धार लावत बसला होता. सासरे एकाएकी त्याच्यावर तडकले.

"अरं, पाठ कशाला उचलतोस? पाठ आन् धार, दोनी टेकली पायजेत दगडाला. आरशाला वरखडा पडंल म्हनून भितोस व्हय? वस्तरा तोंड बघायला हाय का दाढी करायला?"

मेव्हण्यानं मान वर केली नाही. मी त्याच्या हाताकडं पाहिलं. वस्तऱ्याची पाठ दगडाला चिकटलेली होती, आणि त्याच्या जुन्या काळ्या वस्तऱ्याला आरशासारखी चमक कधीच नव्हती. उचललेली पाठ माझ्या वस्तऱ्याची होती. चकाकी गेली की भाव पडतो, म्हणून मी पहिल्या दिवसापासून पाठ केसभर वर धरत होतो. धार त्यामुळंच जाड राहत होती. बोलणं पोराला होतं, ऐकवायचं मला होतं.

माझं डोकं फिरलं. वस्तरा पोत्यावर टाकून मी उभा राहिलो. "पहिल्या सोमवारीच दिसलं होतं ना तुम्हाला? मग इतके दिवस माझे हात का मोडू दिलेत?"

ते शांतपणे म्हणाले, "जावईबापू, तुमी शिकायला आलाय असं कुटं म्हनला? जागा मागितली. जागा दिली की. जावयाला चुकतंय म्हनून सांगायची आमच्यात रीत न्हाय. तुमाला रागबी लई."

मेव्हणा खाली बघून हसला. माझ्याशी कुणी असा सौदा केला नव्हता, शब्दाला शब्द लावून.

मी परत बसलो. पाठ टेकवली. पहिला ओरखडा उमटला तेव्हा स्वतःच्या अंगावर ओढल्यासारखा वाटला. स्टेनलेस फार सावकाश झिजतं, घासताना कडेला उठलेली धातूची बारीक तार सुटता सुटत नाही. एका वस्तऱ्यात दिवस मावळला. पण शेवटी आवाज बदलला. खरखर गेली आणि पातं दगडावरून पाण्यासारखं सरकायला लागलं.

मंगळवारी सासऱ्यांनी तो वस्तरा गिरणीतल्या एका जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, दाढीला लावला. राठ दाढी, रात्रपाळी करून आलेला माणूस. मी दारात उभा होतो. माझं दुकान त्या माणसाच्या गालावर ठरत होतं. अर्धी दाढी होईतो तो खुर्चीतच घोरायला लागला. बाकावर बसलेल्या दोन सलूनवाल्यांनी एकमेकांकडं पाहिलं.

सासऱ्यांनी पातं पुसलं आणि मला भाव विचारला. मी रागात होतो. जावई म्हणून एक पै सोडली नाही, पूर्ण भाव सांगितला, थोडा चढवूनच. ते घासाघीस करतील, मग त्या इतक्या सोमवारांचं सगळं बोलून घेईन, अशी तयारी मी करून ठेवली होती. त्यांनी गल्ला उघडला, दोन वस्तऱ्यांचे पैसे माझ्या हातावर ठेवले आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात टॉवेल बांधायला घेतला.

पेटी खपली. दुकान राहिलं, शेठकडं जावं लागलं नाही. प्रत्येक वस्तरा मात्र मला धार लावूनच द्यावा लागला, म्हणजे वर्षभर प्रत्येक सोमवार सासऱ्यांच्या मोरीशेजारी. ते चहा देत राहिले, मी घेत राहिलो. मला जे बोलायचं होतं ते त्यांनी त्या दिवशी भाव न पाडता माझ्या तोंडातच ठेवलं. सासरे गेले, तरी ते बोलणं तिथंच आहे.