शर्यतीच्या घाटात माझी सायकल

समस्त सोसायटीला, दोन्हीकडच्या नातेवाइकांना आणि फॅमिली ग्रुपवर हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावणाऱ्या प्रत्येकाला अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, मी बैलगाडा शर्यतीत भाग घेतलेला नव्हता. त्या ठिकाणी माझी उपस्थिती केवळ पायांच्या अडचणीमुळे होती. लाउडस्पीकरवरून माझा जो उल्लेख झाला, तो निवेदकाचा वैयक्तिक अंदाज समजावा.

निवेदन संपलं. आता खरं सांगते. मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते, आणि घाबरण्यात मी काही नवशिकी नाही.

सुरुवात पायांपासूनच करायला हवी. माझे धाकटे दीर सायकलवेडे. पन्नाशीला आलेल्या वहिनीला सायकलवर बसवणं हे त्यांनी आयुष्याचं कार्य मानलं. गेल्या वर्षी आमच्या रहाटणीतल्याच एका खड्ड्यात मी त्यांच्या कार्याला तोंडघशी पाडलं. तेव्हापासून माझ्या डाव्या मनगटात स्टीलची पट्टी आहे. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा या हातावर पडलात, तर हात पूर्वीसारखा होईल असं मी सांगणार नाही."  आमच्या ह्यांनी मनगटाचा एक्स-रे फ्रिजच्या दारावर लावला, रोज दूध काढताना दिसेल असा.

म्हणजे अट एकच होती. डाव्या हातावर पडायचं नाही.

आणि अशा बाईच्या पायात दिरांनी क्लीटचे बूट घातले. या बुटांच्या तळाला लोखंडी खूर असतो. तो पेडलमध्ये खट्ट करून बसतो आणि पाय पेडलला जखडला जातो. चढावर त्याने जोर येतो म्हणे. सोडवायचा असेल तर टाच बाहेर फिरवायची, की सुटला.

"टाच बाहेर, वहिनी! फक्त टाच बाहेर! लहान मूलसुद्धा करेल."

"मग लहान मुलालाच न्या ना, भावजी."

हॉलमध्ये टीव्हीच्या कपाटाला धरून मला ते सुंदर जमायचं. पण माणूस घाबरला की टाच फिरवत नाही, पाय वर ओढतो. वर ओढला की तो सुटत नाही. सुटला नाही की माणूस आणखी घाबरतो. मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या उभ्या पाच वेळा पडले, सुदैवाने उजवीकडे, वॉचमनच्या खुर्चीवर. सहाव्या वेळी मला येताना पाहून वॉचमननेच खुर्ची आत नेली.

अशा तयारीनिशी मी शंभराच्या वर किलोमीटरच्या सायकल मोहिमेला निघाले. थोडं डांबर, बरीचशी खडी, शेताडीतल्या वाटा, कालव्याची कड. वाट दाखवायला हँडलवर लावलेल्या फोनमध्ये एक निळी रेघ. रेघ जाईल तिकडे जायचं. ती आयोजकांनी थंडीत घरबसल्या उपग्रहाच्या नकाशावर आखली होती, हे मला नंतर कळलं.

मारुंजीच्या पुढच्या मैदानातून निघालो तेव्हा माझ्या पोटात पोहे आणि भीती होती. चाकणच्या कंपन्यांमागच्या रस्त्याला लागेपर्यंत पोहे जिरले. तिथे शिफ्ट सुटली होती. एकामागून एक बस, आणि बसच्या मागे कंटेनर. कंटेनर शेजारून जातो तेव्हा तो संपतच नाही. चाकं येत राहतात, वारा आपल्याला बाहेर ढकलतो आणि मग एकदम आत ओढतो. मी दात आवळून नजर पुढच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवली होती. थांबावं असं दर मिनिटाला वाटत होतं, पण थांबायचं म्हणजे पाय सोडवायचे. म्हणून थांबले नाही. सगळे म्हणाले, काय स्टॅमिना आहे! स्टॅमिना कसला, मला उतरता येत नव्हतं.

एका गोडाउनपाशी तीन कुत्री मागे लागली. दीर ओरडले, "वहिनी, थांबा, थांबलं की चावत नाहीत!"

"थांबता येत असतं तर मी इथवर आले असते का, भावजी?"

मग कालवा. वाट दोन हात रुंद आणि डाव्या हाताला, हो, डाव्याच, पाणी. तिथे मी बोलणंसुद्धा बंद केलं. बोलताना तोल जातो असं नाही, पण उगाच कशाला.

कालवा संपला तेव्हा माझी मनातल्या मनात सगळ्या देवांची हजेरी घेऊन झाली होती. पुढे चढ, आणि चढ संपला की नाश्ता, असं आयोजकांनी सांगितलं होतं. स्पीकर लावलेला असेल, माणसं असतील, टाळ्या वाजवून स्वागत होईल. दीर चढाखाली चेन बसवायला थांबले. मी अर्थातच थांबले नाही.

चढ सरता सरता स्पीकर ऐकू आला. माझ्या जिवात जीव आला. शेतातली वाट संपली, निळी रेघ डावीकडे वळली, मीही वळले, आणि पाहते तर काय! समोर सरळसोट, रुंद, मऊ मातीचा उतार. सकाळपासून इतका चांगला रस्ता मिळाला नव्हता. दोन्ही बाजूंना दगडी बांध आणि बांधावर माणसंच माणसं. फेटे, गुलाल, शिट्ट्या. मला पाहताच सगळा बांध उठून उभा राहिला आणि हात हलवू लागला. कुणी उपरणं फिरवत होतं, कुणी टोपी.

मला गहिवरून आलं. एका सायकलवालीसाठी एवढं? मी उजवा हात वर केला आणि निवडून आल्यासारखा हलवला. माणसं आणखी जोरात हात हलवू लागली. मीही आणखी जोरात हलवला.

"ओ ताई!" स्पीकर कडाडला. "ओ सायकलवाल्या ताई! मंडळी, हा कुठला नवीन गाडा आलाय? अहो ताई, घाट मोकळा करा! गाडा सुटलाय!"

ज्यांनी आमच्याकडची शर्यत पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. गावच्या यात्रेत बैल पळवायचा हा लांब मातीचा पट्टा, त्याला घाट म्हणतात. बैल खालून वर पळतात. पुढे एक घोडी, तिच्यावर स्वार, आणि मागे गाड्याला जुंपलेले चार बैल. गाड्यावर माणूस नसतो. ब्रेक मारायला कुणी नसतं. थंडीत रिकामा असलेला तो घाट आयोजकांना नकाशावर फार छान रस्ता दिसला होता, एवढंच.

मी खाली पाहिलं. उताराच्या तळाशी धुळीचा एक ढग होता आणि तो मोठा होत होता. ढगातून घोडी निघाली. मग शिंगं.

इथपर्यंत मी ही गोष्ट हसत सांगते. पुढचा भाग सांगताना अजून माझे तळवे ओले होतात. मी दोन्ही ब्रेक दाबले. सायकल उभी राहिली. मी पाय ओढला. वर. पुन्हा वर. टाच बाहेर, टाच बाहेर, हे मला सगळं आठवत होतं, पण टाच नावाचा अवयव कुठे असतो तेच आठवेना. कानात फक्त जमिनीचा आवाज होता, खालून येणारा, हाडांतून वर चढणारा. सायकल हळूहळू कलायला लागली. डावीकडे. मला फ्रिजवरचा एक्स-रे दिसला, अगदी स्वच्छ, पट्टीच्या सहा स्क्रूंसकट. मी डावा हात छातीशी घट्ट धरला. म्हणजे आता डोकंच आधी आपटणार. मी डोळे मिटले.

पण मी पडलेच नाही. कुणीतरी मागून माझी पाठीवरची बॅग धरली, कुणीतरी हँडल, कुणीतरी सीट. "उचला रं! सायकलसकट उचला!" बांधावरून उड्या मारलेल्या त्या चार-पाच जणांनी मला होते तशीच, पेडलला जखडलेल्या अवस्थेत, उचललं आणि बांधापलीकडे नेलं. हवेत असताना माझं पुढचं चाक शांतपणे फिरत होतं.

घोडी गेली. मग ते गेले. उष्ण श्वास, घामाचा वास, उडणारी माती, आणि एका बैलाचा डोळा, पांढरा दिसेपर्यंत ताणलेला. तो डोळा मी ओळखला. सकाळपासून माझेही तसेच होते.

"झाली, झाली, झाली बारी!" बैल वर पोचताच निवेदक ओरडला आणि घाट गर्जला. मला त्यांनी बांधाच्या आडोशाला टेकवलं. मी आधी डावं मनगट हलवून पाहिलं. हललं. बोटं मोजली, पाच होती. मग मला रडू आलं.

"उतरा ताई आता," माझी बॅग धरणारा म्हणाला.

"उतरता येत नाही."

"आँ?"

एकाने माझा पाय धरून ओढला, अर्थातच वर. दुसऱ्याने सायकल खाली ओढली. तेवढ्यात दीर शेतातून धापा टाकत आले. चेहरा पांढराफटक, हातांना चेनचं काळं. लांबूनच ओरडत होते, "टाच बाहेर, वहिनी! टाच बाहेर!"

शेजारी कलिंगडाच्या फोडी विकायला बसलेली म्हातारी उठून आली. तिने वाकून माझा बूट पाहिला, पेडल पाहिलं, बोटाने ठोकून पाहिलं. मग दिरांकडे नीट निरखून बघितलं आणि माझ्याकडे वळून, सगळ्या बांधाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आगं बया! आमी बैलाला बी सुटंल अशी गाठ मारतो. तुला कुनी बांधली गं अशी?"