सुलभा बेटावर का गेली नाही

हे मी कुणालाच बोललेलो नाही. पोरीला नाही, गावच्या भावाला नाही. देवापुढे हात जोडतो तेव्हाही दुसरंच काहीतरी पुटपुटतो आणि उठतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

माझी बायको सुलभा यंदा गेली. शारजातल्या आमच्या घरात भेटायला माणसं आली, बसायला जागा पुरेना. आणि जो येईल तो काय बोलतो? तिच्या हाताचं जेवण! कुणी आंबोळ्यांची आठवण काढतो, कुणी सोलकढीची. एक पठाण टॅक्सीवाला तर दारातच उभा राहून रडला. मी भिंतीला टेकून ऐकत होतो. मला काय वाटत होतं, सांगू? दुःख होतंच. पण त्याच्या खाली — मी जळत होतो. मेलेल्या बायकोवर. मी गेल्यावर माझ्याबद्दल कोण काय बोलणार? वेल्डिंग बरं करायचा?

ही जळजळ नवी नव्हती. तेच तर सांगायचं आहे.

मी पाइप वेल्डर. सातवीत शाळा सुटली, आणि नंतरचा जन्म बहुतेक पार अबुधाबीच्या टोकाला, रुवैसच्या रिफायनरीत गेला. काम चोख होतं. जोडाचा एक्स-रे काढायचे, खोट सापडायची नाही. पण नंतर पाइपावर उष्णता अडवायला काचलोकर गुंडाळतात, वर पत्रा चढतो — खलास. तो जोड पुन्हा कुणी बघत नाही. सुलभाचं तसं नव्हतं. ती माझ्या व्हिसावर इथे आली. पासपोर्टात शिक्काच होता : नवरा स्पॉन्सर, काम करायची परवानगी नाही. मला तो शिक्का आवडायचा. खोटं कशाला बोलू? तरी ती बिल्डिंगमधल्या एकट्या पोरांना गुपचूप डबे द्यायची. मी शुक्रवारच्या सुट्टीला घरी आलो की लिफ्टमध्ये पोरं विचारायची, "तुम्ही सुलभाकाकूंचे मिस्टर ना?"

मिस्टर! नाव नाही मला.

वरच्या मजल्यावर रोझारियो राहायचा. गोव्याचा, दुबईत हॉटेलात कूक. स्वतः कूक असून जेवायला आमच्याकडे. त्याला तिकडे पार कॅरिबियनमधल्या बेटावर नोकरी लागली — सेंट लुशिया. नवीन हॉटेल होतं, आणि मालकीणबाईला आपल्याकडचं जेवण करणारी बाई हवी होती. रोझारियोने सुलभाचं नाव पुढे केलं. "वैनी, इथे डबे भरून कशाला मरताय? तिथे किचन तुमचं."

ती हसली. पण मी तिचा चेहरा पाहिला होता.

पुढचे दोन-तीन शुक्रवार आमच्या घरात हाच विषय. जावं की न जावं? ती चांगलं मोजायची, मी वाईट. ती म्हणायची, तिथे पाऊस आहे, झाडी आहे, नीरफणस लागतो — रोझारियोने सांगितलेलं. नीरफणसाच्या कापांसाठी जीव टाकायची ती, वेंगुर्ल्याकडची ना. आणि म्हणे, उन्हाळ्यात घरात कोंडून घ्यायला नको, आणि नोकरी संपली की महिन्याभरात चालते व्हा, असंही तिथे नाही.

मी म्हटलं, वादळं येतात तिथे, छपरं उडतात.

"मग वेंगुर्ल्याला काय टेबलफॅनचा वारा यायचा?"

मी म्हटलं, विमानं बदलत बदलत जायचं. गावाला कोण गेलं तर तेराव्यालाही पोचायचो नाही.

"इथून पोचलात का? तुमच्या आईच्या वेळी रजाच मिळाली नाही."

मी म्हटलं, आपलं माणूस नाही तिथे. दवाखाना केवढासा. आणि स्मिताच्या कॉलेजचं काय? स्मिता आमची एकुलती मुलगी, तेव्हा बारावीला. तर ती आतल्या खोलीतून ओरडली, "पप्पा, मी हॉस्टेलला राहीन! यू गाइज गो!"

एकेक करून माझे सगळे मुद्दे पडले. आणि मग सुलभा अगदी मायेने म्हणाली, "तुम्हाला तिथे लगेच काम नाही मिळायचं. माझ्या व्हिसावर याल. बसा की जरा आरामात, किती वर्षं उन्हात काढलीत."

हा एक तोटा मी मोजलाच नव्हता. म्हणजे मोजला होता, तोंडाने बोललो नव्हतो. तिच्या व्हिसावर. पगार तिचा, माझ्यापेक्षा मोठा. आणि मी तिथे कोण? पुन्हा मिस्टर!

मग मालकीणबाई दुबईला आली आणि रोझारियो तिला आमच्याकडे जेवायला घेऊन आला. सुलभाने तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं केलं, ओल्या काजूंची उसळ, आंबोळ्या, सोलकढी. काजू गावाहून कुणाच्या तरी सामानातून मागवलेले. ती गोरी बाई चमचा बाजूला ठेवून हाताने जेवली. सोलकढी तीनदा मागून घेतली. जाताना तिने सुलभाचे दोन्ही हात धरले. माझ्याशीही हात मिळवला — दारात उभा होतो म्हणून.

दोन दिवसांनी रोझारियोचा फोन आला, माझ्या मोबाइलवर. मी रुवैसला कामगारांच्या कॅम्पात होतो. "भाऊ, झालं! मॅडम म्हणते हीच बाई पाहिजे. वैनीच्या पासपोर्टाची कॉपी द्या, बस."

मी काय बोललो, नीट ऐका. मी म्हटलं, सुलभा नको म्हणते. विमानाला घाबरते, घर सोडवत नाही तिला. आणि वर म्हटलं, तिच्यासमोर विषय काढू नकोस बाबा, रडते. रोझारियो बरं म्हणाला. चांगला माणूस. त्याने पुन्हा विषय काढला नाही.

शुक्रवारी घरी आलो. तिने पाण्याचा पेला माझ्या हातात दिला आणि उभीच राहिली. मी म्हटलं, त्यांनी दुसरी बाई घेतली. मॅडमला जेवण घरगुती वाटलं. हॉटेलात चालेल असं नाही. रोझारियोला वाईट वाटतंय, त्याला काही विचारू नकोस.

इथवर थांबलो असतो तरी एक वेळ — पण नाही. तिने विचारलं, "मीठ जास्त झालं होतं का हो?"

आणि मी म्हटलं, "असेल."

हा एक शब्द. बाकीचं सगळं मी घाबरून बोललो असं म्हणता येईल. हा शब्द मी घाबरून नाही बोललो. मला तो बोलायला बरं वाटलं. तिच्या खांद्यांतला जोर उतरलेला मला दिसला, आणि बरं वाटलं. आता आपण सारखे झालो, असं वाटलं.

रोझारियो बेटावर निघून गेला. थोड्या महिन्यांनी सुलभाने डबे बंद केले. गुडघे दुखतात म्हणाली. घरचा स्वयंपाक सुटला नाही, पण जेवायला बसलं की पहिला घास माझ्या तोंडात जाईपर्यंत माझ्याकडे बघत राहायची. पूर्वी कधी बघायची नाही. पूर्वी वाढून झालं की सरळ स्वतःचं ताट घ्यायची. मग मी मान हलवायचो आणि ती जेवायला लागायची. वर्षानुवर्षं असंच. मला वाटे, बघू दे. बायकोने नवऱ्याकडे बघावं.

रिटायर झालो आणि आता इथे स्मिताच्या व्हिसावर राहतो. पोरीच्या व्हिसावर! काय बिघडलं? काही नाही. जेवण जातं, झोप लागते. एवढ्याशा गोष्टीसाठी मी ते केलं होतं.

मधे स्मिता आईच्या साड्या आवरत होती. म्हणाली, "आई किती सिंपल होती ना पप्पा. तिला कधी काही हवंच नव्हतं." मी म्हटलं, हो. बघा, मेल्यावरही तिच्या वाटणीचं एवढंसं खरंसुद्धा तिला दिलं नाही मी.

आणि एक राहिलं. ते सांगून गप्प बसतो.

सुलभा हॉस्पिटलात होती. अन्न जात नव्हतं, सलाइनवर होती. एक दिवस दुपारी चांगली जागी झाली, बोलायला लागली. माहेरचं बोलली, स्मिताचं बोलली. मग म्हणाली, "एक विचारू? चिडू नका. त्या दिवशी नक्की काय बिघडलं होतं? मी किती वेळा आठवून बघितलं. मीठ तर मी चाखलं होतं."

खोलीत आम्ही दोघंच. दार बंद. याहून चांगली वेळ माणसाला कधी मिळते का? मी तोंड उघडलं. खरं जिभेवर आलं होतं — ती बाई तुझ्यासाठी वेडी झाली होती गं. एवढंच बोलायचं होतं.

पण बोललो असतो तर तिने माझ्याकडे बघितलं असतं. कसं बघितलं असतं, ते मला सोसलं नसतं.

मी म्हटलं, "मीठ नाही. नारळ जरा जास्त झाला होता."

तिने डोळे मिटले. चेहऱ्यावर समाधान आलं. "तरीच," म्हणाली. "मला वाटलंच होतं. उसळीत ना?"

मी म्हटलं, "उसळीत."

पुन्हा ती त्यावर काही बोलली नाही, आणि चौथ्या दिवशी गेली. उसळीत नारळ बरोबर होता. मी दोनदा वाढून घेतली होती.