ग्रेडरच्या तक्त्यातली रिकामी जागा

दिग्रसच्या कापूस खरेदी केंद्रावर मालाची प्रत लावणाऱ्या एका ग्रेडरनं माझ्या बापाला दोनदा फसवलं. पहिल्यांदा, भाव कोसळले त्या वर्षी, आमचा कोरडा कापूस ओला ठरवून गाडी परत पाठवली. दुसऱ्यांदा परवा, स्वतःच्या ओसरीवर.

हा गृहस्थ आमच्याच भाऊबंदांतला. निवृत्त झाल्यापासून घराण्याची वंशावळ जुळवतो. सकाळी दूध आणून ठेवलं की भाटाच्या बहीतले, म्हणजे पिढ्यांच्या नोंदवहीतले, उतारे पसरून बसतो. बोलताना कागदाचा कोपरा दोन्ही अंगठ्यांत धरून हळूच ताणतो, पूर्वी कापसाचा धागा ताणायचा तसा. पूर्वजांचीही तो प्रतच लावतो. पाटीलकी केलेला खापरपणजा वर, लाल शाईत. हमाली केलेले खाली, पेन्सिलीनं.

परवा मी बाबांना त्याच्याकडे वंशावळीचा तक्ता दाखवायला नेलं. त्यांनी चष्मा पुसून तो दोनदा पाहिला.

"माह्या बापाखाली फांदी काहून नाही गा?"

"काकाजी, तुमची माय पाटाची, दुसऱ्यांदा लग्न लावून आलेली. पाटाची लेकरं वंशावळीत घेत नसतात."

"तुमच्या पोरीच्या लग्नात मांडवाले बांबू याच पाटाच्या लेकरानं देल्ले नं?" मी ओरडलो.

"गरम नको होऊ. चहा घे."

बाबा तक्त्यातल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून बसून राहिले.

रविवारी सगळे भाऊबंद तक्ता पाहायला त्या ओसरीवर जमणार आहेत. सर्वांसमोर त्यानं मला एवढंच सांगावं: कापसाची गाडी आम्ही घरी परत नेली, ऐंशी वर्षांचा माणूस कुठं परत न्यायचा?