चाफ्याचा फेस

एर्मिलाचं मनगट वर्षभर दुखत होतं, पण बाजारात तिने ते कुणाला कळू दिलं नव्हतं. हुचितान गावात बुपू, म्हणजे फेसाची पेज, विकणारीचा हात गेला की बाजारातली जागाही गेलीच. वाळवलेला चाफा, भाजलेला कोको आणि गूळ एकत्र वाटून गार पाण्यात कालवायचा, माठात रवी फिरवायची आणि वर आलेला फेस गरम मक्याच्या पेजेवर वाढायचा. फेस नसेल तर उरते नुसती पेज, आणि ती तर घरोघरी असते.

त्या सकाळी फेस काही चढेना. एर्मिला घुसळून घुसळून घामाघूम झाली. वर चार बुडबुडे यायचे आणि विरायचे. रांगेतल्या बायकांच्या नजरा हळूहळू तिच्या नव्या सुनेकडे वळल्या. ओब्दुलिया डोंगरातल्या गावची, मोठ्या काळ्या डोळ्यांची. जड नजरेची बाई माठाजवळ बसली की फेस मरतो, हे इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

शेजारच्या पेत्रोनाचा माठ फेसाने काठोकाठ भरला होता. ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "सुनेला माहेरी धाड, एर्मिला. आज फेस खाल्लान्, उद्या नातवंडं खाईल."

पोरीने डोळे घट्ट मिटून घेतले. एर्मिलाने ते पाहिलं. एकदा हे नाव चिकटलं की हिला कुणी बाळाजवळ फिरकू देणार नव्हतं, उद्या हिचा नवराही हिच्याकडे संशयाने बघणार होता.

खरं कारण एर्मिलाला पक्कं ठाऊक होतं. पहाटे तिने मनगटाला डुकराची चरबी चोळली होती आणि घाईत हात राखेने धुवायचे राहिले होते. चरबी लागली की फेस धरत नाही. गप्प बसलं तर जागा टिकत होती. आणि तिने आणखी चार वेळा रवी फिरवलीही, खोटं कशाला सांगा.

मग रवी खाली ठेवून ती म्हणाली, "पोरीचा दोष नाही. माझ्या हाताला चरबी आहे. मनगट गेलंय माझं."

बायका हसल्या. सुनेचं पाप अंगावर घेणारी सासू आजच पाहिली, म्हणाल्या. पेत्रोना म्हणाली, "झाक, झाक. झाकून नजर हलकी होते होय?"

एर्मिला उठली, पेत्रोनाच्या माठाशी गेली आणि तोच हात कोपरापर्यंत आत घालून तिने गरागरा फिरवला. सगळ्यांच्या देखत फेस चरचरत खाली बसला.

"आता बोल," ती म्हणाली. "पोरीचे डोळे तर मिटलेले आहेत."

पेत्रोनाने शिव्यांची लाखोली वाहिली, पण नजरेचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. ओब्दुलियाने दोन्ही माठ राखेने घासले, नवं वाटण कालवलं आणि रवी हातात घेतली. तिचा फेस चढला, चांगला उंच चढला.

दुसऱ्या दिवशी रांगेतल्या पहिल्याच बाईने आपली वाटी एर्मिलासमोरून उचलून सुनेपुढे धरली. "तू वाढ गं सूनबाई," ती म्हणाली. "मावशीच्या हाताला चरबी असते." सगळ्या हसल्या. एर्मिलाही हसली आणि पेज ढवळायला बसली, पण ते तिला फार लागलं.