अगदी मापाचे

आमच्या घरात मापाचं असं कुणी कधी काही घातलं नाही. फ्रॉक घ्यायचा तो वाढत्या अंगाचा, शाळेचा युनिफॉर्म घ्यायचा तो गुडघ्याखाली येणारा, आणि बूट घ्यायचे तर पुढे कापूस कोंबता येईल एवढे. डोंबिवलीला फडके रोडवरच्या दुकानात माझी मुलं रडकुंडीला यायची. "आई, हा ढगळ आहे गं," म्हणायची. मी म्हणायचे, "यंदा ढगळ आहे, पुढच्या वर्षी बरोबर होईल." माझ्या मुलीचं म्हणणं असं, की लहानपणी तिला जी वस्तू अंगाला बरोबर झाली, ती तोवर फाटलेली असायची. तिला तिखट बोलायची सवय आहे. ती कुणाकडून आली हे विचारू नये.

त्याच मुलीच्या बाळंतपणासाठी मी कॅनडाला जायला निघाले. लग्न होऊन सात-आठ वर्षं झाली, आम्ही सगळ्यांनी विचारणं सोडून दिलं, आणि मग ही बातमी आली. आता अशा वेळी आईने जायचं नाही तर कुणी? मी शाळेतून निवृत्त झालेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, गुडघे अजून शाबूत. डोंबिवलीचं घर भाड्याने देऊन मी घोडबंदर रोडला मुलाकडे राहत होते. तसं मोकळंच म्हणायचं.

पण मोकळी नव्हते. घरात नात होती, आठ वर्षांची. तिचे आईवडील सकाळी ऑफिसला निघतात, संध्याकाळी घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून सुटून घरी पोचेपर्यंत जेवायची वेळ होते. तिची वेणी, डबा, शाळेची बस, ताप, दातदुखी, मैत्रिणींशी कट्टी, सगळं माझ्याकडे. आणि संध्याकाळी स्केटिंग. आमच्या कॉम्प्लेक्सच्या मागच्या बाजूला रिंक आहे. तिथल्या बाकावर पाण्याची बाटली आणि गुडघ्याचे पॅड घेऊन मी इतकी बसले आहे की वॉचमन मला 'स्केटिंगवाली आजी' म्हणतो. स्केट्सची बकलं लावायची आणि काढायची ती मीच. तिच्या बोटांत तेवढा जोर नव्हता. क्लास संपला की ती बाकावर येऊन पाय माझ्या मांडीवर टाकायची, महाराणीसारखे.

मी जाणार म्हटल्यावर कुणाला काय आणायचं याची चर्चा झाली. सून म्हणाली, "मला काही नको आई," म्हणजे परफ्यूम. मुलाने काहीच सांगितलं नाही. नातीने मात्र एकच गोष्ट मागितली. तिचे स्केट्स जुने होते, शेजारच्या मुलीकडून आलेले, खालून सरकवून लहानमोठे करायचे. सर म्हणायचे, त्यांच्यात पाय हलतो आणि वळणावर तोल जातो. डिसेंबरात ठाण्यात स्पर्धा होती. त्या आधी तिला नवीन हवे होते, एका ओळीत चार चाकं असलेले.

"आणि आजी, प्लीज, वाढत्या अंगाचे नको हां," ती म्हणाली. "अगदी मापाचे. ढगळ असले तर सर ओरडतात."

आठ वर्षांची पोर, पण आजीला पुरतं ओळखून होती.

माप घ्यायची माझी पद्धत दोऱ्याची. माझी आई बांगड्यांचं, चपलांचं माप दोऱ्यानेच घ्यायची. मुलगा म्हणाला, "अगं आई, तिकडचा नंबर नेटवर बघून देतो ना." मी म्हटलं, नंबर देश बदलला की बदलतो, दोरा नाही बदलत. नातीला भिंतीला टाच टेकवून उभं केलं. गोधडी शिवायच्या जाड पांढऱ्या दोऱ्याला टाचेपाशी एक गाठ मारली, अंगठ्यापाशी दुसरी. ती गुदगुल्यांनी हसत होती, त्यामुळे तीनदा माप घ्यावं लागलं. मग म्हणाली, मला पण एक दे. तुला कशाला? तर म्हणे, तुझ्याकडे आहे ना, मग माझ्याकडे पण. तिलाही तेवढाच दोरा गाठी मारून दिला. तिने तो पेन्सिलबॉक्समध्ये ठेवला. मी माझा पर्समध्ये ठेवला, पासपोर्टच्या कव्हरमध्ये.

"तीन महिने फक्त," मी तिला सांगितलं. "दिवाळीला नसेन. पण दिवाळी झाली की आलेच. स्पर्धेला मी बाकावर असणार."

डिंकाचे लाडू, अळीव आणि खारीक पावडर घेऊन मी कॅनडाला पोचले. बाळ यायला अजून वेळ होता. मी पहिल्याच आठवड्यात मुलीच्या मागे लागले, चल, स्केट्स घेऊन टाकू. एक काम हातावेगळं होईल. ती पोट सांभाळत, कुरकुरत आली. खेळाच्या सामानाचं ते दुकान आपल्याकडच्या मंगल कार्यालयाएवढं होतं. पुढे सगळीकडे बर्फावरचे, खाली सुरीसारखं पातं असलेले स्केट्स मांडायला सुरुवात झाली होती. चाकांचे मागे एका कोपऱ्यात गेले होते. मुलगी म्हणाली, थंडी आली की हे काढून टाकतात, मग उन्हाळ्यापर्यंत मिळत नाहीत. मला केवढं बरं वाटलं! वेळेत आलो म्हणून मी स्वतःचीच पाठ थोपटली.

मी तिथे फतकल मारून बसले. बुटातला आतला तळ ओढून काढायचा आणि त्यावर दोरा ठेवून बघायचा. जाणारे येणारे लोक बघत होते, बघू देत. एक निळी जोडी गाठीला गाठ जुळवून बरोबर आली. तीच एक नंबर मोठी, अंगठ्यापुढे बोटभर जागा राहील अशी, शेजारीच होती. माझा हात मोठ्या जोडीकडेच गेला. एवढी परदेशातून न्यायची वस्तू, दोन वर्षं तरी नको का वापरायला?

मुलगी वरून म्हणाली, "घे घे, कापूस मी देते."

मग मला नातीचा चेहरा आठवला. सर ओरडतात म्हणताना झालेला. मी मोठी जोडी जागेवर ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या मुलाने मागितलेली वस्तू, त्याने मागितली तशीच, अगदी मापाची मी विकत घेतली. रात्री व्हिडिओ कॉलवर दाखवली तेव्हा ती ठाण्याला शाळेच्या गणवेशात सोफ्यावर उड्या मारत होती.

पुढे बाळ आलं. नातू. त्याचं कौतुक इथे सांगत बसत नाही, ते मी दुसरीकडे भरपूर केलं आहे. पण तो रडका निघाला. संध्याकाळ झाली की पोटात दुखायचं, दोन-दोन तास रडायचा. जावयाची रजा संपली. मुलगी, जी कधी कुणापुढे वाकली नाही, ती न्हाणीघराचं दार लावून रडताना मी ऐकली. माझी परतीची तारीख जवळ आली तशी ती गप्प राहायला लागली. एक दिवस बाळाला न्हाऊ घालत होते, तर मागून म्हणाली, "आई, थांब ना."

एवढंच म्हणाली. मी थांबले. तिकीट पुढे ढकललं, आणखी तीन महिने. आजही मला विचाराल तर मी थांबलेच असते. हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी माझ्या लेकीला बोल लावायला नको.

नातीला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ओके." मला वाटलं, समजूतदार आहे. सून म्हणाली, "तुम्ही इकडची काळजी करू नका आई." मी केलीही नाही फारशी. बाळाच्या रडण्यात दिवस कुठे जायचा कळत नव्हतं.

मला खरं वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. तिकडे मुलीच्याच मजल्यावर शहाडचं एक जोडपं त्यांच्या मुलाकडे आलेलं होतं. ते नोव्हेंबरच्या शेवटी परत चालले होते. त्यातल्या वहिनी स्वतःहून म्हणाल्या, "काही द्यायचंय का ठाण्याला? आमची एक बॅग अर्धी रिकामी आहे." स्केट्स पाठवता आले असते. स्पर्धेच्या आधी पोचले असते. मी म्हटलं, "नको हो, ओझं कशाला." ओझ्याचं कारण खोटं होतं. ते स्केट्स मला स्वतःच्या हातांनी तिच्या पायात घालायचे होते. बकल लावायचं होतं. पहिल्यांदा उभी राहील तेव्हाचा तिचा चेहरा मला बघायचा होता, सुनेने फोनवर पाठवलेला नव्हे. बाकी सगळं चुकलं होतं, दिवाळी चुकली होती, निदान एवढं तरी माझ्या वाट्याला यावं असं वाटलं. हाव म्हणतात ती हीच असावी.

स्पर्धेत ती जुन्या स्केट्सवर धावली. वळणावर पडली. रात्री फोनवर म्हणाली, "पडले गं, पण लागलं नाही." आणि बोलताना चेहऱ्याची एकच बाजू दाखवत राहिली. दुसऱ्या बाजूला हनुवटीवर पट्टी होती, ते मला सुनेने नंतर सांगितलं.

"तू आलीस की नवीन घालून दाखवते," ती म्हणाली.

मी बाळाला मांडीवर घेऊन रोज तिच्याशी बोलत होते. पण फोनवर चेहराच दिसतो. पाय कुणी दाखवत नाही.

फेब्रुवारी संपता संपता मी परत आले. विमानतळावर मुलगा आणि नात घ्यायला आले होते. ती धावत आली आणि थोडी अलीकडेच थांबली, पाहुण्यांसमोर थांबतात तशी. मग बिलगली. फ्रॉक आखूड झाला होता. मी लगेच मनात म्हटलं, बघ, वाढत्या अंगाचा घेतला असता तर. घोडबंदरला नेहमीसारखी गाड्यांची रांग होती. ती माझा हात धरून बसली होती.

घरी आल्यावर चहाच्या आधी बॅग उघडली. ते निळे स्केट्स आज आमच्या लॉफ्टवर आहेत. नातू चालायला लागला, मोठा झाला की त्याला होतील म्हणून सुनेने जपून ठेवले आहेत. म्हणजे अखेर ते वाढत्या अंगाचेच झाले. पण त्या दिवशी मी ते जमिनीवर ठेवले आणि ती खुर्चीवर बसून पाय घालायला लागली. पाय गेला. ओढून, दाबून गेला. मी बकल लावलं. ती उभी राहिली, टेबल धरून.

"झाले आजी," ती म्हणाली. "मस्त आहेत."

सुनेने खाली वाकून बुटाचं टोक चाचपलं. "अगं, बोटं दुमडली आहेस तू. सरळ कर बघू."

"सरळच आहेत."

मला तेव्हा कसं कुणास ठाऊक, पर्समधला दोरा आठवला. मी तिचा एक बूट काढून घेतला आणि तिला भिंतीशी उभं केलं. टाचेपाशी गाठ धरली, दोरा ताणला. अंगठ्याचं अख्खं नख गाठीच्या पलीकडे गेलं होतं. या वेळी तिला गुदगुल्या झाल्या नाहीत. तेवढा नखभर पाय माझ्या पाठीमागे वाढला होता, आणि मी तो एकदाही पाहिला नव्हता.

"असू दे गं, पायच तो, वाढणारच," मी हसून म्हणाले. "तुला तरी कसं कळणार."

ती एका पायात बूट तसाच ठेवून लंगडत दप्तरापाशी गेली आणि पेन्सिलबॉक्स आणला. तिचा दोरा मळून काळा झाला होता.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "मी बघायचे ना. दिवाळीत बरोबर होतं. तू येणार होतीस ना, तेव्हा पण बरोबर होतं. मग ख्रिसमसच्या सुट्टीत थोडंसं बाहेर आलं."

"मग सांगायचं नाही का?" माझा आवाज चढला. मला वाईट वाटलं की आधी रागच येतो, ही जुनी खोड आहे. "दुकान जवळच होतं गं. इतके दिवस मी तिथे होते. बदलून आणले असते, नाहीतर दुसरीकडे शोधले असते!"

"म्हणून तर नाही सांगितलं," ती म्हणाली. "तू शोधायला थांबली असतीस. अजून लेट झाला असता."

सून उठून स्वयंपाकघरात गेली. दुसऱ्या पायातला बूट तरी काढून द्यावा म्हणून मी गुडघे टेकून खाली बसले आणि बकलाला हात घातला. पण तिने ते आधीच काढलं होतं. सहा महिन्यांत तिचं तिला जमायला लागलं होतं.