होविताच्या तुळईवरची कोळ्यांची फांदी

लिही गं पोरी, होविताचं लिही. आमची शेजारीण, दुधाची मिठाई करायची. दूध नासवायचं, साखर-दालचिनी घालून मंद आचेवर दिवसभर ठेवायचं. हाताला चव होती, पण स्वच्छतेचं वेड फार! तिच्या कोंबड्यासुद्धा पाय पुसून घरात येत असतील.

एका सान हुआनच्या सणाला तिच्याच मिठाईत, फिदेंसियोकाकांच्या वाटीत, माशी निघाली. सणाचे यजमान ते! म्हणाले, "होविता, पुढच्या सान हुआनला परत माशी दिसली, तर देवाची मिठाई तुझ्या जावेकडं."

जाऊ म्हणजे आंपारो. दोघींत सात वर्षं अबोला. होविताला घास गोड लागेना.

पुढचा पावसाळा लागला. मी म्हणलं, "बाई, सगळा गाव माश्या धरायला घरात कोळ्यांची फांदी टांगतो. तूच तेवढी नाक मुरडतेस."

शेवटी आणली रानातनं. ओकची फांदी, नि तिच्यावर राखाडी जाळं, चादर गुंडाळल्यागत. आत हजारो कोळी, तांदळाच्या दाण्याएवढे. दुसरे कोळी एकमेकांना खातात, हे खात नाहीत. एक माशी अडकली की पन्नास जण एका पंगतीला! तुळईला टांगली, आठ दिवसांत दुधावरच्या माश्या गायब.

सणाला चार दिवस उरले अन् बाईंनी वर बघितलं. "अगं, डोक्यावर मढी लोंबतायत नि खाली दूध!" पीस घेऊन एकेक वाळकी माशी झाडून काढली, कोंबड्यांना टाकली.

दुसऱ्या दिवशी माश्या परत दुधावर. कोळी वर उपाशी.

होविता रडायला लागली. "दृष्ट लागली. त्या आंपारोचीच!"

मी फांदीला नाक लावलं. कसलाच वास नाही. "अगं शहाणे, मेलेल्या माश्या आंबतात, त्या वासानं जित्या येतात. तू आमिषच झाडून टाकलंस!"

"मग तुझी फांदी दे."

"माझी कालच बदललीय, बाकीच्यांच्याही नव्याच. जुनी, आंबूस फांदी गावात एकाच घरी आहे."

गेली बिचारी. आंपारो दारातच उभी, कमरेवर हात. "सात वर्षांनी आलीस, ते मेलेल्या माश्या मागायला?"

"हो."

"लोक मीठ मागतात गं!" हसून हसून खाली बसली ती. मग म्हणाली, "ने अर्धी. मिठाई माझ्या गळ्यात पडली तर चुलीपुढं दिवसभर कोण उभं राहणार?"

दोन्ही फांद्या सुतळीनं बांधल्या. मला वाटलं, दोन घरचे कोळी, आता जुंपणार. सकाळी बघते तर मधे नवं जाळं, कोण कुणाचा ओळखू येईना. अन् माश्या सगळ्या वर!

सणाला काकांनी चष्मा लावून वाटी दोनदा ढवळली. चमचा उचलला, तेवढ्यात मागनं आंपारो ओरडली, "काका, माझ्या माश्या आहेत हां त्यात!"

चमचा हवेतच थांबला.

होविता म्हणाली, "तुळईवर आहेत काका. वाटीत नाहीत."

काकांनी परत एकदा वाटीत बघितलं. "मग पुढच्या साली पण तूच कर," म्हणाले, नि चमचा तोंडात घातला.